चार्टवरचे १८ आणि तू मोजलेले २६

पत्र : ताई, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लेखी परीक्षेत मार्क चांगले असतात, पण वॉर्डात पाय ठेवला की तोंडातून शब्द फुटत नाही. मेडिसिन वॉर्डच्या पोस्टिंगमध्ये इव्हिनिंगला एका आजोबांचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेत होते. श्वास मोजला तर मिनिटाला २६ आला. परत मोजला, तेवढाच. चार्टवर मात्र सकाळपासून १८. सिस्टर नव्या ॲडमिशनच्या गडबडीत होत्या. माझंच चुकलं असेल असं वाटून मी २० लिहिलं आणि पुढच्या बेडकडे गेले. दुसऱ्या दिवशी कळलं, आजोबांना रात्री आयसीयूत हलवलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्याआधी इन्चार्ज सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, 'हा तुझा पिंड नाही.' नातेवाईक काही विचारायला आले की मी तिथून सटकते. रडूही पटकन येतं. नर्सला लागणारे गुणच माझ्यात नाहीत का? सोडून देऊ का हे शिक्षण?
ता. क. इंजेक्शन देताना हात थरथरतात आणि ते पेशंटला दिसतं. काही उपाय?

उत्तर : पिंडाचं नंतर बघू. आधी त्या २६ चं बोलू, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट गोष्ट त्या एकाच आकड्यात आहे.

चांगली अशी, की तू श्वास खरोखर मोजलास आणि शंका आल्यावर दुसऱ्यांदा मोजलास. तुला हे किरकोळ वाटत असेल. वॉर्डात उभं आयुष्य घातलेल्या कुठल्याही सिस्टरला एकटीला गाठून विचार, ती सांगेल : टीपीआरमधला ताप थर्मामीटर सांगतो, नाडी मशीन दाखवतं आणि श्वास बऱ्याचदा अंदाजपंचे लिहिला जातो. साध्या वॉर्डात श्वास मोजायचा तर माणसाला पेशंटजवळ एक मिनिट उभं राहावं लागतं, आणि नेमकं तेच मिनिट कुणाकडे नसतं. मग सगळ्या वॉर्डाचा श्वास १८ होतो. या १८ ची गंमत बघ. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर उत्तर १६ येईल नाहीतर २०. १८ येऊच शकत नाही. अर्धा मिनिट मोजून नऊ आले तर १८ येतं, पण ओळीने सगळ्या पेशंटना नऊच कसे येतील? एकाखाली एक १८ दिसले की खुशाल समजावं, इथे मोजणारं कुणी नव्हतं. तू त्या रांगेवर विश्वास ठेवलास आणि स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला नाहीस.

मोठ्या माणसाचा श्वास शांत पडलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने पेशंटची तब्येत ढासळतेय का हे वेळीच ओळखण्यासाठी गुण द्यायची एक पद्धत बसवली आहे. २०१७ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली. तिच्यात श्वास २५ किंवा त्याहून जास्त असला की त्या एकाच मोजमापाला ३ गुण लागतात, म्हणजे सगळ्यात जास्त. आणि कुठल्याही एका मोजमापाला ३ आले, तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी डॉक्टरांना लगेच कळवायचं असतं. कारण उघड आहे. शरीर अडचणीत आलं की श्वासाचा वेग पुष्कळदा आधी वाढतो आणि बीपी मात्र बराच वेळ तग धरून असतं. ऑक्सिजन चालू असेल तर सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा, आकडाही छान दिसत राहतो. त्यामुळे बीपी आणि सॅच्युरेशन बघून 'स्टेबल आहेत' म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांखालून पेशंट निसटतो. तू निसटू दिला नव्हतास. निदान पहिली दोन मिनिटं तरी.

आता वाईट गोष्ट. २० लिहिलंस ते.

इथे मी तुला गोंजारणार नाही. लाजाळूपणा वेगळा आणि हे वेगळं. मोजले २६ आणि लिहिले २०, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरने चार्ट उघडला तेव्हा तिला शांत झोपलेला पेशंट दिसला असणार. चार्ट हा पुढच्या पाळीशी बोलत असतो. तू त्याच्या तोंडी खोटं घातलंस, आणि तेही कुणी सांगितलं म्हणून नाही, रांगेत वेगळं दिसू नये म्हणून. हे तुझ्या हातून परत होता कामा नये. अगदी कधीही नाही. आकडा विचित्र वाटला तर विचित्रच लिहावा आणि शेजारी वेळ टाकावी. आपलं मोजमाप चुकलं असेल ही भीती असेल तर दुसऱ्या कुणालातरी मोजायला बोलवावं. मोजताच आलं नाही तर जागा कोरी ठेवून 'घेता आलं नाही' असं लिहावं; बोलणी बसतील, बसू देत.

आता करायचं काय? तुझ्या क्लिनिकल ट्यूटरना गाठ आणि जसं मला लिहिलंस तसं सगळं सांग. 'मी २६ मोजला, दोनदा मोजला, २० लिहिला, कुणाला बोलले नाही.' एवढंच. सोबत सबबींची वेणी गुंफू नकोस. चार्टला आपल्या मनाने हात लावायचा नाही. मागच्या तारखेची खाडाखोड म्हणजे चुकीवर दुसरी चूक. नोंद दुरुस्त करायची असेल तर ती आजची तारीख-वेळ घालून, नियमाप्रमाणे, ट्यूटर आणि वॉर्डच्या इन्चार्ज ठरवतील तशीच होईल. रागावतील का? रागावतील बहुधा. पण विद्यार्थिनीने आपण होऊन येऊन सांगितलेली चूक आणि चौकशीत बाहेर आलेली चूक यांत किती फरक असतो ते शिकवणाऱ्या माणसाला चांगलं कळतं.

आणि एक. आजोबा तुझ्यामुळे आयसीयूत गेले असं मनाशी धरून बसू नकोस. तिथे ते त्यांच्या आजारामुळे गेले. तू बोलली असतीस तर काही तास आधी हालचाल झाली असती का? कदाचित झाली असती. ते आता ना तुला कळणार, ना मला. 'तुझा काहीच दोष नाही' असं म्हणून तुला मोकळं करणं सोपं आहे, पण ते तू मानणार नाहीस आणि मानूही नयेस. विद्यार्थिनीच्या मागे देखरेखीला कुणीतरी असायला हवं होतं, हेही तितकंच खरं. तुझ्या वाटणीचं जेवढं, तेवढं घे आणि ट्यूटरपुढे ठेव.

आता सांगायचं कसं याबद्दल, कारण तुझी खरी अडचण तिथे आहे. समज, तू धीर करून सिस्टरकडे गेली असतीस. काय म्हणाली असतीस? माझा अंदाज : 'सिस्टर, त्या आजोबांना ना, जरा कसंतरी होतंय वाटतं...' नव्या ॲडमिशनच्या गडबडीतल्या सिस्टरने यावर 'बरं, बघते नंतर' म्हटलं असतं, आणि तिला दोष देता आला नसता, कारण या वाक्यात बघायला धावावं असं काहीच नाही. घाबरलेला माणूस बातमी सौम्य करून सांगतो. 'जरा', 'कसंतरी', 'वाटतं' असे तीन शब्द लागोपाठ, म्हणजे सांगितलंही आणि अंगाला लावूनही घेतलं नाही.

त्याऐवजी हे ऐक : 'सिस्टर, बेड १४ चे आजोबा, श्वास मिनिटाला २६ आहे, दोनदा पूर्ण मिनिट मोजला. परवा न्यूमोनियाने ॲडमिट झालेत, सकाळपासून चार्टवर १८ आहे. बोलताना मध्येच थांबतायत, मानेचे स्नायू ओढले जातायत. मला काळजी वाटते. आत्ता येऊन बघाल का?' न्यूमोनिया आणि मान मी माझ्या पदरचं घातलंय, पण साचा लक्षात घे. आत्ता काय घडतंय, त्याच्या मागे काय आहे, मला काय वाटतं, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. ही रीत मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची. तिथे चुकीच्या किंवा अर्धवट निरोपाची किंमत काय असेल याची कल्पना कर. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कैसर परमनेंटे या अमेरिकी आरोग्यसंस्थेतल्या लोकांनी ती दवाखान्यात आणली आणि पुढे जगभर पसरली. तुमच्या अभ्यासक्रमात 'एसबार' नावाने ती असेल, तू तिच्यावर पाच मार्कांची टीपही लिहिली असशील. आता ती तोंडाने म्हण. रोज संध्याकाळी होस्टेलवर मैत्रिणीला सिस्टर बनव आणि त्या दिवशीच्या एका पेशंटबद्दल तिला अर्ध्या मिनिटात सांग. तिने मोबाईल बघत बघत ऐकायचं, म्हणजे खऱ्यासारखं वाटेल.

शेवटचा भाग, 'मला काय हवंय', हा विद्यार्थिनी हमखास गाळतात. आपण कोण डॉक्टरांना काय करा म्हणणार, असं त्यांना वाटतं. पण 'येऊन बघाल का' ही मागणी तुझ्या अधिकारातलीच आहे.

आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं तर? मग दुसऱ्यांदा सांगायचं, आधीपेक्षा ठाम. रुग्णसुरक्षेच्या प्रशिक्षणात चढत्या क्रमाने तीन पायऱ्या शिकवतात. आधी 'मला काळजी वाटते'. मग 'हे असंच ठेवणं मला ठीक वाटत नाही'. तरीही नाही तर सरळ, 'हे पेशंटच्या जिवाला धोक्याचं आहे'. तिसरं वाक्य बोलायची वेळ क्वचित येते, पण यायची असेल तर त्या दिवशी ते तोंडात तयार असावं. तिथेही दाद लागली नाही तर ट्यूटर, दुसरी स्टाफ सिस्टर, ऑन कॉल डॉक्टर. ज्येष्ठतेची साखळी मोडतेय असं वाटेल. वाटू दे. तातडीची टीम बोलावण्याच्या निकषांत कितीतरी रुग्णालयांनी 'स्टाफला पेशंटबद्दल काळजी वाटते' हाही एक निकष ठेवलाय, आकडे सगळे ठीक असले तरी. म्हणजे तुझ्या 'काहीतरी बिनसलंय' ला कागदावर जागा आहे.

हीच जीभ इतर ठिकाणीही लागते. औषध काढताना कुणीतरी हाक मारतंच. सिडनीतल्या दोन मोठ्या रुग्णालयांत नर्सेसच्या मागे फिरून निरीक्षण केलं होतं, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. औषध देण्याच्या कामात आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होतं. म्हणून 'दोन मिनिटं थांबा, औषध काढतेय' हे वाक्य मान वर न करता म्हणायला शीक. विद्यार्थिनीला हे उद्धटपणाचं वाटतं. हातात सिरिंज असेपर्यंत उद्धट दिसलं तरी हरकत नाही. अर्थात कुणी कोसळलं म्हणून हाक आली तर गोष्ट वेगळी. तेवढं तुला कळतं.

राउंडला आलेले मोठे डॉक्टर एका पेशंटवरून थेट दुसऱ्या पेशंटकडे वळले, हात न चोळता. तू काय करणार? 'सर, तुम्ही हात स्वच्छ केले नाहीत' हे तुझ्याने होणार नाही, माझ्यानेही दुसऱ्या वर्षाला झालं नसतं. हात निर्जंतुक करायच्या हँडरबची बाटली उचल, दोन पावलं पुढे हो आणि 'सर' म्हणून त्यांच्यापुढे धर. आपोआप हात पुढे येतो. शब्द एकच लागतो आणि कुणाचा अपमानही होत नाही. धीट मुलींपेक्षा लाजाळू मुलींनाच अशा युक्त्या चांगल्या जमतात, असं माझं मत आहे.

सुई टोचली तर मात्र युक्ती-बिक्ती काही नाही. साबण-पाण्याने धू, पिळत बसू नकोस, आणि त्याच क्षणी सांग. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितकी लवकर तितकी बरी, शक्यतो पहिल्या काही तासांत, आणि ७२ तासांनंतर त्यांचा भरवसा राहत नाही. 'ओरडतील' म्हणून घरी जाऊन झोपलेल्या मुली असतात. पुढच्या सगळ्या तपासण्यांची टांगती तलवार त्यांनी एकटीने सोसायची, कशासाठी, तर दोन मिनिटांची बोलणी चुकावीत म्हणून.

नातेवाईकांचं. तू सटकतेस, कारण 'बाबा बरे होतील ना?' याचं उत्तर तुझ्याकडे नाही. अगं, तुझ्याकडे ते असावं अशी कुणाची अपेक्षाच नाही. निदान, रिपोर्ट, पुढे काय होईल, हे तू सांगायचंही नाहीस. पण तू सटकलीस की त्या माणसाला वाटतं, काहीतरी वाईट आहे म्हणून ही तोंड चुकवतेय. तेव्हा थांब. 'याचं उत्तर मला देता येणार नाही, मी विद्यार्थिनी आहे. डॉक्टर राउंडला येतील तेव्हा तुमचे प्रश्न त्यांच्यासमोर ठेवायची व्यवस्था करते. मघाशी बाबांनी दोन घास खाल्ले आणि आता झोपलेत, एवढं मी स्वतः पाहिलंय.' जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगता येतं, आणि बहुतेकांना त्या घटकेला तेवढंच हवं असतं. मात्र व्यवस्था करते म्हटलंस तर कर. सिस्टरच्या कानावर घाल. 'काही होणार नाही, काळजी करू नका' हे कधीही म्हणू नकोस; त्यातलं तुला काही माहीत नसतं आणि उद्या ते वाक्य तुझ्याच नावावर राहतं.

पेशंटशी बोलायला तू घाबरतेस असं पत्रावरून वाटत नाही, पण सुरुवात कशी करतेस ते लिहिलं नाहीस. म्हणून ही एक हकीकत. केट ग्रेंजर या ब्रिटनमधल्या वृद्धोपचारतज्ज्ञ डॉक्टर. ऐन तिशीच्या आसपास त्यांना असाध्य कर्करोग झाला. २०१३ मध्ये त्या स्वतः पेशंट म्हणून बेडवर होत्या, आणि लक्षात आलं की येणारे-जाणारे आपलं नावच सांगत नाहीत. आपण कोणी माणूस नसून आजार आहोत असं वाटायला लावणारा तो प्रकार होता. त्यांनी 'नमस्कार, माझं नाव अमुक' एवढ्याच वाक्याची मोहीम सुरू केली आणि ती ब्रिटनच्या आरोग्यसेवेत दूरवर पोचली. २०१६ मध्ये त्या गेल्या. तुझ्यासारख्या शब्द न फुटणाऱ्या मुलीसाठी यात मोठी सोय आहे : पहिलं वाक्य ठरलेलं आहे, सुचावं लागत नाही. 'नमस्कार, मी अमुक, नर्सिंगची विद्यार्थिनी. तुमचं बीपी घेते, दोन मिनिटं लागतील, चालेल?' नाव, कोण, काय करणार, किती वेळ, परवानगी. दिवसातून शंभरदा तेच म्हटलंस तरी प्रत्येक पेशंटला ते पहिल्यांदाच ऐकू येतं.

औषध देताना त्याच्याच जोडीला नाव विचारायचं, आणि विचारायचं म्हणजे त्यांच्या तोंडून वदवायचं. 'तुम्ही अमुकराव ना?' असं विचारलं तर कमी ऐकू येणारा, झोपेतून उठवलेला किंवा नुसताच भिडस्त माणूस मान डोलावतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगता?' याला मान डोलावून चालत नाही. ते हातातल्या पट्टीशी ताडून बघ, नोंदणी क्रमांकाशी किंवा जन्मतारखेशी जुळव. बेड नंबर ही ओळख नव्हे, बेड बदलतात. (मघाच्या माझ्या नमुन्यातही 'बेड १४' आहे. ते सिस्टरला कुठे यायचं ते कळावं म्हणून. तिथेही आजोबांचं नाव जोडलंस तर उत्तम.)

दुखण्याबद्दल एकच सांगते. शून्य ते दहा विचारलंस आणि हसत गप्पा मारणारी बाई 'आठ' म्हणाली, तर आठ लिही. मार्गो मॅकॅफेरी या अमेरिकन नर्सने १९६८ मध्ये मांडलं की वेदना म्हणजे ती सोसणारा जे सांगतो ते आणि तो सांगतो तेव्हा. तुझं काम तिचा चेहरा बघून मार्क कमी करण्याचं नाही. मोजले ते लिहायचं, ऐकलं तेही लिहायचं.

खिशात एक छोटी वही ठेव. काही दिसलं की आधी वेळ लिही, मग काय दिसलं ते. '६.१०, श्वास २६, दोनदा.' पुढच्या पाळीला ओव्हर देताना याच ओळींवर बोट ठेवून बोलता येतं, शब्द शोधावे लागत नाहीत. पेशंटचं नाव वहीत नको, मोबाईलमध्ये फोटो तर अजिबात नको, आणि ड्युटी संपली की ते पान फाडून टाक.

आता पिंड. इन्चार्ज सिस्टरनी ते सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं. सांगायचं होतं तर बाजूला घेऊन सांगता आलं असतं, आणि सांगायचं होतं ते काय चुकलं ते, पिंड नव्हे. पॅट्रिशिया बेनर या नर्सिंगच्या अभ्यासक बाईंनी १९८४ मध्ये नर्सच्या वाढीचे पाच टप्पे मांडले. नवशिकी, त्यानंतर थोडी सरावलेली, मग सक्षम, निपुण आणि शेवटी तज्ज्ञ. पहिल्या टप्प्यावरची मुलगी नियमाला चिकटून असते, हळू असते, काय महत्त्वाचं आणि काय नाही हे तिला एका नजरेत कळत नाही. हे टप्प्याचं वर्णन आहे. ज्या सिस्टर दारातून आत येता येता 'त्या कोपऱ्यातल्या बाईंकडे बघा आधी' म्हणतात, त्यांच्या त्या नजरेमागे शेकडो पेशंट उभे असतात. तुझ्यामागे अजून मोजके आहेत. तुझी आणि त्यांची तुलना त्यांनी करणंच मुळात चूक.

तरीही त्यांच्याकडे जा. 'सिस्टर, त्या दिवशी माझं नेमकं काय चुकत होतं? पुढच्या वेळी तुमच्यासमोर करून दाखवते.' तोंडाळ सिस्टर अशा वेळी बऱ्याचदा उत्तम शिकवतात, स्वानुभवाने सांगते. काही नाही शिकवत. रोजच्या रोज पेशंटसमोर पाणउतारा, टोमणे, मुद्दाम काम न देणं, असं चालू असेल तर तारीख-वेळ-शब्द लिहून ठेव आणि ट्यूटरना दाखव. ते सोसणं नर्सिंगच्या कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

रडण्याचं तू उगीच एवढं मनाला लावून घेतलंस. रडू आलं तर सिस्टरना 'पाच मिनिटांत येते' सांगून बाजूला जा, रड, तोंड धू, ये. हातातलं काम कुणाच्या तरी हाती देऊन मग जा, एवढंच. पेशंट गेल्यावर नातेवाईकांसमोर डोळे भरले तर त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. फक्त तुझं रडणं असं नको, की त्यांनाच तुझी समजूत काढावी लागेल. रात्री झोप लागत नसेल, ड्युटीच्या आधी मळमळत असेल, आणि हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर मात्र कॉलेजच्या समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोल. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याला उपाय आहेत.

शिक्षण सोडायचं की नाही हे मी ठरवणार नाही. पण एका वाईट संध्याकाळीवरून आणि एका बाईच्या एका वाक्यावरून ठरवू नकोस. ट्यूटरना सगळं सांगून झाल्यावर निदान पुढची एक पूर्ण पोस्टिंग कर, वर लिहिलंय तसं बोलून बघ, मग तूच ठरव. आणि ठरवताना हेही धर, की अख्ख्या पाळीत त्या आजोबांचा श्वास मोजलेली बहुधा तू एकटी होतीस.

राहिला ता. क. हात थरथरतात ते बहुतेक सगळ्यांचे थरथरतात. उपाशीपोटी ड्युटीला जाऊ नकोस. औषध भरण्याचं काम टेबलाशी, शांतपणे उरकून घे. पेशंटसमोर जितकी कमी खटपट, तितकं बरं. ट्रे पूर्ण लावल्याशिवाय बेडजवळ जायचं नाही, कारण कापूस आणायला मागे धावलीस की हात आणखी थरथरतो. हात हवेत अधांतरी ठेवू नकोस : करंगळी किंवा तळहाताची कड पेशंटच्या अंगावर टेकव, श्वास हळू सोड आणि सोडता सोडता टोच. टोचलेली सुई परत टोपणात घालायची नाही, सरळ डब्यात. डबा हाताच्या अंतरावर आधीच ठेव. पेशंट म्हणाला, 'तुझे हात थरथरतायत', तर नाकारू नकोस. 'हो, मी शिकतेय. ट्यूटर शेजारी आहेत, तुम्हाला नको असेल तर त्या देतील.' बरेच जण 'दे गं तूच' म्हणतात. कुणी नाही म्हणालं तर तो त्यांचा हक्क, बाजूला होऊन बघ. आणि पुढे कॅन्युला (शिरेत घालायची सलाईनची नळी) घालायला लागशील तेव्हा दोनदा प्रयत्न करून शीर मिळाली नाही, तर तिसऱ्यांदा आपण नाही, दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचं.